खापऱ्याचं भाडं

माझ्या मावशीचा पर्वरीत एक फ्लॅट आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दर पावसात ओली होणारी एक भिंत. गेल्या मे महिन्यात जुने भाडेकरू गेले आणि नवे शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मावशीच्या अटी फार नव्हत्या. मासळी शिजवणारे तिला चालतात, रात्रपाळीवाले चालतात, दिल्लीवाले तर ती खुशीने घेते, कारण ते घासाघीस करत नाहीत. शेवटी एवढंच म्हणाली, "फकत खापऱ्याक दिवं नाका रे."

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो, खापरी म्हणजे आफ्रिकन माणूस. गोरा पोर्तुगीज तो पाखलो, काळा तो खापरी. मावशीच्या लहानपणी, पन्नासच्या दशकात, मुक्तिलढा दडपायला पोर्तुगिजांनी मोझांबिकचे काळे शिपाई गोव्यात आणून ठेवले होते. पोरांनी जेवताना नखरे केले की आजी दाराकडे बघत म्हणायची, "खापरी आयलो!" त्या शिपायांचा देशही पोर्तुगिजांच्याच टाचेखाली होता, पण पोराला घास गिळायला लावण्यापुरता हा तपशील कोणाला हवा होता? मावशीला आता पंचाहत्तरावं चालू आहे. आयुष्यात ती एकाही आफ्रिकन माणसाशी बोललेली नाही. भीती मात्र शाबूत आहे.

ही भीती येते कुठून, ते बघताना मी त्या शब्दाच्याच मागे लागलो. शब्द मला आधी लिस्बनला घेऊन गेला आणि तिथून मक्केला.

खापरी आला पोर्तुगीज 'काफ्र'वरून आणि काफ्र आला अरबी 'काफिर'वरून. अरबीत काफिर म्हणजे इस्लाम न मानणारा. मूळ धातूचा अर्थ झाकणं. सत्य झाकतो तो काफिर. बी मातीखाली झाकणाऱ्या शेतकऱ्यांनाही कुराणात एके ठिकाणी याच धातूचा शब्द आला आहे. यात रंगाचा कुठे मागमूस नाही. मक्केत ज्यांना काफिर म्हटलं गेलं ते कुरैश तर महंमद पैगंबरांचेच भाऊबंद, त्यांच्याच वर्णाचे.

मग रंग चिकटला कुठे? पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. तिथे उतरलेले अरब व्यापारी आतल्या मुलखातल्या, मुसलमान नसलेल्या लोकांना काफिर म्हणत. इस्लामी कायद्याप्रमाणे स्वतंत्र मुसलमानाला गुलाम करता येत नसे, परमुलखातल्या गैरमुसलमानाला करता येई. म्हणजे धर्माचा हा शब्द किनाऱ्यावरच्या बाजारात हळूच 'याला विकता येतं' अशा अर्थाने वापरात आला. पोर्तुगिजांनी तो तिथेच उचलला. त्यांना त्यातल्या धर्माशी घेणंदेणं नव्हतं, कारण त्या व्याख्येने ते स्वतःही काफिरच ठरत होते. त्यांनी धर्म गाळून टाकला आणि कातडी तेवढी ठेवली. पुढे दक्षिण आफ्रिकेत हाच शब्द काळ्या माणसाला द्यायची सर्वांत घाण शिवी झाला. गोव्यात तो खापरी होऊन राहिला. पर्वरीच्या खाप्रेश्वराच्या नावाशीही त्याचा संबंध जोडतात. ज्याला माणूस म्हणून दारात उभं करायचं नाही त्याला राखणदार म्हणून नारळ द्यायचा, ही आपली रीत काही नवी नाही.

या शब्दाने किती उलटी उडी मारली ते एका उदाहरणात दिसतं. १६१७ च्या सुमारास पीटर व्हान डेन ब्रूक नावाचा डच व्यापारी दख्खनेत मलिक अंबरला भेटला. अंबर हबशी, म्हणजे इथिओपियाचा. नमाजी मुसलमान, निजामशाहीचा कर्ताकरविता. व्हान डेन ब्रूकने त्याचं वर्णन केलं, 'काळा काफर'. मुसलमानालाच काफिर! शब्दातून धर्म पुरता निघून गेला होता.

आता मुद्द्यावर येतो. आपण सहसा असं धरून चालतो की गोऱ्यांना काळ्यांचा तिटकारा होता म्हणून त्यांनी त्यांना गुलाम केलं. एरिक विल्यम्स या इतिहासकाराने १९४४ मध्ये हा क्रम उलटा मांडला. हे गृहस्थ पुढे त्रिनिदाद आणि टोबॅगोचे पहिले पंतप्रधान झाले. त्यांचं म्हणणं असं की गुलामी वर्णद्वेषातून जन्मली नाही, वर्णद्वेष गुलामीतून जन्मला. आधी फुकट मजुराची गरज पडली, तिरस्कार नंतर तयार झाला.

जुन्या जगाकडे पाहिलं तर हे पटतं. रोममध्ये गुलाम सगळ्या रंगांचे असत, मालकाच्या पोरांना शिकवणारा ग्रीक पंडितही गुलाम असू शके. युरोपातल्या अनेक भाषांत गुलामासाठी जो शब्द आहे तो गोऱ्यागोमट्या स्लाव लोकांवरून पडला आहे. इजिप्तवर अडीचशेहून जास्त वर्षं राज्य केलेले मामलुक हे मुळात विकत आणलेले तुर्क आणि सर्केशियन. गुलामी वाईट होतीच, पण तिला ठरलेला रंग नव्हता.

तो आला साखरेबरोबर. १४४४ साली पोर्तुगालच्या लागुश बंदरात आफ्रिकेतून पकडून आणलेले २३५ लोक उतरवून वाटून घेतले गेले. त्यानंतर मदेरा, मग साओ तोमे, मग ब्राझील, असा उसाचा मळा पुढे पुढे सरकत गेला आणि त्याच्यामागे गुलामांची जहाजं. ऊस तोडला की तो वाट बघत नाही. लगेच गाळला नाही तर रस उतरतो. आपल्या धारबांदोड्याच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको, संजीवनी साखर कारखाना चालू असताना ट्रकांच्या रांगेत त्याने रात्री काढल्या आहेत. म्हणजे मळ्याला असे मजूर हवे होते जे रात्रंदिवस राबतील, पळून जाणार नाहीत आणि पगार मागणार नाहीत. असा मजूर स्वखुशीने मिळत नाही. अटलांटिक पार न्यायला जहाजांत कोंबलेल्या आफ्रिकनांची संख्या अभ्यासक सुमारे १ कोटी २५ लाख धरतात. पलीकडे जिवंत उतरले सुमारे १ कोटी ७ लाख. मधले अठरा लाख समुद्रात गेले. या वाहतुकीतला जवळजवळ निम्मा वाटा पोर्तुगीज आणि ब्राझीलच्या जहाजांचा होता. त्याच पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला होता.

पण नफ्याच्या हिशेबाला 'ते मुळातच हलके' ही गोष्ट कशी जोडली जाते हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, कारण तिथे ती टप्प्याटप्प्याने कायद्यात लिहिली गेली. सुरुवातीला तिथल्या तंबाखूच्या मळ्यांत बरेच मजूर गोरेच होते. इंग्लंडातले गरीब, चार ते सात वर्षांच्या करारावर बांधलेले. १६१९ पासून आफ्रिकन आले. दोघं एकत्र राबत आणि कधी कधी एकत्र पळूनही जात. १६६२ मध्ये कायदा झाला की मूल स्वतंत्र की गुलाम, ते आईवरून ठरेल. इंग्लंडात सगळं बापावरून ठरायचं, इथेच उलटं का? कारण मालकापासून गुलाम बाईला झालेलं मूल मालकाच्या मिळकतीत जमा व्हावं. स्वतःच्या पोटच्या पोराला मालमत्तेच्या रकान्यात लिहायची ही सोय होती. १६६७ मध्ये दुसरा कायदा झाला. गुलामाने बाप्तिस्मा घेतला तरी तो गुलामच राहील. इथे थांबून बघा. तोवर गुलामीचं समर्थन धर्माच्या आधारावर होतं, हे लोक ख्रिस्ती नाहीत म्हणून. गुलाम ख्रिस्ती होऊ लागले तेव्हा ते समर्थन मालकांना परवडेना. धर्म बदलता येतो, कातडी बदलता येत नाही. पायाच हलवून कातडीवर नेला.

१६७६ मध्ये तिथे बेकनचं बंड झालं. त्यात गोरे करारी मजूर आणि काळे गुलाम खांद्याला खांदा लावून लढले. (हे बंड मूळच्या अमेरिकन जमातींच्या जिवावर उठलेलं होतं, तेव्हा त्याला समतेचा लढा म्हणायचं कारण नाही.) मालकांना धडकी भरली ती या एकीची. पुढच्या तीस वर्षांत गोऱ्या गरिबाला छोट्या छोट्या सवलती आणि काळ्याला कडक बेड्या, असे कायदे होत गेले. १७०५ मध्ये ते एकत्र बांधले गेले. गोरा गरीब गरीबच राहिला, पण आता त्याच्या खाली कोणीतरी होतं. हा पगार पैशात नव्हता, म्हणून मालकाला स्वस्त पडला.

ज्यांना व्हर्जिनिया लांब वाटतं त्यांनी भाटकार आणि मुंडकार आठवावेत. मुंडकार भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहायचा. घर त्याचं, खालची जमीन भाटकाराची. त्या बदल्यात नारळाचा पाडा असो, लग्न असो, गणपती असो, हाक आली की जायचं. नाही गेलं तर घरावर गदा. मी लहान असताना डिचोलीकडच्या एका मोठ्या घरात पाहिलं आहे. सोप्यावर भाटकार आरामखुर्चीत, आणि पहाटेपासून माडावर चढउतार केलेला म्हातारा मुंडकार खाली अंगणात उकिडवा बसून करवंटीतून चहा पितोय. भाटकार पाहुण्याला सांगत होता, "ही माणसं जन्माची आळशी." करवंटी का, कप का नाही, हे मी आईला विचारलं. तिने माझा हात दाबला. दोघांचा रंग सारखाच होता, पण युक्ती तीच. ज्याच्या घामावर आपण बसलोय तो मुळातच हलका आहे, असं एकदा ठरवलं की झोप चांगली लागते. मुंडकारांना घरातून हुसकण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा १९७५ मध्ये आला. करवंट्या त्यानंतर दिसेनाशा झाल्या, मनपरिवर्तनाने नव्हे.

सगळेच इतिहासकार हा क्रम इतका सरळ मानत नाहीत, आणि त्यात तथ्य आहे. स्पेनमधल्या तोलेदो शहरात १४४९ मध्येच, म्हणजे साखरेच्या मळ्यांचा पसारा वाढण्याआधी, ज्यूंमधून ख्रिस्ती झालेल्यांना शहराच्या पदांवर बसायला बंदी झाली होती. कारण काय, तर रक्त शुद्ध नाही. 'रक्तशुद्धी'चं हे खूळ पुढे पोर्तुगालमार्गे गोव्यातही पोचलं. पण तोलेदोत दंगा पेटला होता कशावरून? राजाच्या वतीने लादलेल्या सक्तीच्या कर्जावरून. वसुलीशी जोडलेल्या, पदं आणि पैसा मिळवलेल्या या नवख्रिस्त्यांवर राग निघाला. खणायला गेलं की तिथेही हिशेबाची चोपडी सापडतेच.

चोपडीचा शेवटचा आकडा बघायचा असेल तर ब्रिटनचा बघा. १८३३ मध्ये तिथल्या संसदेने आपल्या वसाहतींतली गुलामी संपवणारा कायदा केला. नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले. ते मालकांना मिळाले. राबलेल्यांना छदाम नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड ब्रिटिश करदात्यांनी २०१५ मध्ये केली. हैतीच्या गुलामांनी तर लढून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं, तरी १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजं आणून त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँक कबूल करून घेतले. कशाचे? त्यांच्या स्वतःच्याच शरीरांचे.

गोव्याकडे येतो. जुन्या गोव्यात मांडवीच्या धक्क्यावरून व्हाइसरॉयच्या कमानीतून वर चढणारा रस्ता म्हणजे त्या काळची रुआ दिरैता, सरळ रस्ता. आज तिथे पर्यटक फोटो काढतात. सोळाव्या शतकाच्या शेवटी आर्चबिशपच्या पदरी राहिलेला डच माणूस लिन्सकोटेन आणि १६०८ मध्ये आलेला फ्रेंच खलाशी पिरार, दोघांनीही इथल्या बाजाराचं वर्णन केलं आहे. सकाळी लिलाव भरायचा. अरबी घोडे आणि गुलाम, एकाच ठिकाणी, एकाच बोलीने. मोझांबिकहून आणलेले काही जण संधी साधून घाट चढून जंगलात पळाले. कारवारच्या वर यल्लापूर-हल्याळच्या रानात जे सिद्दी आज राहतात, त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज हेच. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती, आणि बोलीत कोकणी-मराठी मिसळलेली.

आणि गोंयकार? तोही शिडीवर होताच, फक्त मधल्या पायरीवर. पोर्तुगालात जन्मलेला रैनोल सर्वांत वर, इथे जन्मलेला गोरा कास्तीस त्याच्या खाली, मग मिश्र मेस्तीस, मग आपण 'कानारिन', आणि तळाला काफ्र. १७६१ मध्ये लिस्बनने फर्मान काढलं की हिंदुस्थानातले ख्रिस्ती प्रजाजन रंग न बघता गोऱ्यांच्या बरोबरीचे. फर्मान कागदावर राहिलं. पंचवीस वर्षांनंतरही गोंयकार पाद्र्यांना वरची पदं मिळेनात, तेव्हा १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या आश्रयाने कट शिजला. तो फुटला, ४७ जण पकडले गेले, १५ जणांना देहान्त. हे पाद्री धर्माने, भाषेने, शिक्षणाने मालकांसारखेच झाले होते. कमी पडत होता तो रंग. ज्या गावात मी हे लिहितोय तिथे आजही त्या कटाचा अभिमान सांगणारे लोक आहेत, आणि तेच लोक रस्त्यावरच्या मजुराला 'घाटी' म्हणून हाकलतात. शिडीवरच्या माणसाचं लक्ष वरच असतं, पाय मात्र खालच्याच्या डोक्यावर.

इस्लामचा विषय मी मुद्दाम आत्तापर्यंत लांबवला. गुलामी म्हणजे काय, ती कशी पैशाला बांधलेली असते हे डोक्यात असल्याशिवाय बिलाल या गुलामाची गोष्ट नुसती भाविक वाटते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्याच फुल्यांनी 'मानव महंमद' नावाची रचनाही केली आहे. जातीने पोळलेल्या माणसाला या दोन गोष्टी एकाच पंगतीत दिसल्या, हे मला महत्त्वाचं वाटतं.

बिलाल इब्न रबाह हा मक्केतला हबशी गुलाम. मक्का म्हणजे व्यापाऱ्यांचं शहर. काफिले, व्याज, आणि काबेतल्या मूर्तींच्या यात्रेवर चालणारा धंदा. तिथे एक माणूस सांगू लागला की देव एकच आहे, मापात मारणाऱ्याचा धिक्कार असो, आणि चढणीची खरी वाट म्हणजे गुलामाची मान मोकळी करणं. हे शेवटचं वाक्य कुराणाच्या सुरुवातीच्या काळात, मक्केत उतरलेल्या सूरांमधलं, म्हणजे अध्यायांमधलं, आहे. बिलालने हे मानलं. त्याचा मालक उमय्या त्याला दुपारच्या तापलेल्या वाळूवर झोपवून छातीवर धोंडा ठेवी. बिलाल म्हणे, "अहद, अहद." एकच, एकच. अबू बक्र यांनी त्याला विकत घेऊन मुक्त केलं. मदिनेत पहिली बांग द्यायचा मान त्याला मिळाला आणि ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर तो काबेच्या छतावर चढून बांग देत होता. काही जुन्या कुरैशांना ते झोंबलं. परंपरा सांगते की त्याच प्रसंगी कुराणातली ही आयत, म्हणजे वचन, उतरली: लोकहो, आम्ही तुम्हाला एका पुरुषापासून आणि एका स्त्रीपासून घडवलं, तुमची कुळं आणि जमाती केल्या त्या एकमेकांची ओळख पटावी म्हणून; अल्लापुढे मोठा तोच, जो जास्त सदाचारी.

दोन वर्षांनी, शेवटच्या हजच्या वेळी, पैगंबरांचं वचन सांगितलं जातं: अरबाला बिगरअरबावर, गोऱ्याला काळ्यावर मोठेपणा नाही, सदाचार सोडून. हे वचन सगळ्यांना पाठ असतं. त्याच हजमधली दुसरी घोषणा कमी सांगितली जाते. सगळं व्याज रद्द, आणि सर्वांत आधी माझ्या चुलत्याचं, अब्बासचं. समतेचं वचन देणारा माणूस स्वतःच्या घरातल्या सावकाराची वही आधी फाडतो, हे मला त्या वचनाइतकंच मोठं वाटतं. जकातीचे जे आठ खर्च कुराणाने ठरवून दिले त्यात गुलामांची सुटका हाही एक आहे. म्हणजे समतेला पैशाची तरतूद होती, नुसता उपदेश नव्हता.

पण गुलामी बंद केली का? नाही. सुटकेला पुण्य ठरवलं, अनेक चुकांचं प्रायश्चित्त म्हणून गुलाम मोकळा करायला सांगितलं, बाजार मात्र बंद केला नाही. त्या फटीतून पुढची शतकं आत आली. बसऱ्याजवळच्या दलदलीत जमिनीवरचा खारट थर खरवडून शेती काढायची होती, त्यासाठी झंज, म्हणजे बरेचसे पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलाम, टोळ्यांनी जुंपले गेले. ८६९ मध्ये त्यांनी बंड केलं. ते मोडायला बगदादच्या खलिफांना ८८३ उजाडलं. आयत तीच होती, बांग तीच होती. एकोणिसाव्या शतकात झांझिबारच्या लवंगांच्या मळ्यांतही तेच झालं. सौदी अरेबियाने गुलामी बंद केली ती १९६२ मध्ये, मॉरिटानियाने १९८१ मध्ये. आणि आपल्याकडच्या मुसलमानांत अशराफ, अजलाफ, अरजल या पायऱ्या आहेतच. या मातीत उतरलेल्या कुठल्याही धर्माला जातीची ओल लागल्याशिवाय राहिलेली नाही.

मलिक अंबरकडे पुन्हा बघू, कारण त्याच्यात दोन्ही बाजू एकत्र दिसतात. लहानपणी विकला गेला, हात बदलत बदलत अहमदनगरला चंगेजखानाकडे आला. हा चंगेजखान निजामशाहीचा पेशवा आणि स्वतः एके काळचा हबशी गुलामच. त्याच्याकडे शिकून अंबर वजीर झाला, १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, जमिनीची महसूलपद्धत घातली, भातवडीला १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा मोडल्या. गुलामाचा मुलूखधनी होणं त्याच काळातल्या ब्राझीलच्या मळ्यात कल्पनेतही बसलं नसतं. इथे बसलं, कारण कातडी ही शेवटची भिंत नव्हती. दुसरी बाजू अशी की ज्या जहांगीर बादशहाला तो आयुष्यभर हाती लागला नाही, त्याने आपल्या रोजनिशीत त्याला काळतोंड्या म्हणून हिणवलं. एवढ्यावर भागलं नाही, तर चित्र काढून घेतलं. भाल्यावर अंबरचं तोडलेलं मुंडकं, त्यावर घुबड, आणि बाण मारणारा बादशहा. दोघे एकाच किब्ल्याकडे तोंड करून नमाज पढणारे. हरवता आलं नाही की रंग आठवतो.

माझा मावसभाऊ, मावशीचा थोरला, अकरा वर्षं कुवेतमध्ये एका कोल्ड स्टोरेजवर स्टोअरकीपर होता. त्याने सांगितलेली गोष्ट मी विसरत नाही. शुक्रवारी दुपारी आवारातच चटया अंथरल्या जात. कंपनीचा अरब मालक, इजिप्तचा हिशेबनीस, केरळचा ड्रायव्हर, बांगलादेशचा झाडूवाला, सुदानचा पहारेकरी, सगळे एका रांगेत, खांद्याला खांदा. मालक उशिरा आला तर मागच्या रांगेत उभा राही, पुढच्यांना कोणी सरकवत नसे. हा हिंदू, बाजूला स्टोअरच्या पायरीवर बसून बघत असे. म्हणाला, "खरं सांगू? आपल्या देवळात मी असं कधी बघितलं नव्हतं." आणि लगेच पुढे, "मग चपला घातल्या की संपलं." कामाची खुर्ची तीच, कागद तेच, पण पगार पासपोर्टवर. गोरा पासपोर्ट असेल तर एक आकडा, लेबनॉन-इजिप्तचा दुसरा, फिलिपिन्सचा तिसरा, आपला चौथा, बांगलादेशी-नेपाळी तळाला. व्हिसा कफीलच्या, म्हणजे पुरस्कर्त्या मालकाच्या हातात, त्याने सोडल्याशिवाय नोकरी बदलता येत नसे. हा कफाला. याच्याच पगारातून पर्वरीचा फ्लॅट झाला. मावशीला तो किती राबला ते तोंडपाठ आहे. त्याला तिथे 'हिंदी' म्हणून कशा आवाजात हाक मारत, ते त्याने तिला सांगितलेलं नाही.

ऑक्टोबर २०१३ मध्ये पर्रा गावात एका नायजेरियन माणसाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला. त्यानंतर काही दिवस गोव्यात जे बोललं गेलं ते अनेकांना आठवत असेल. एका मंत्र्याने नायजेरियनांना कॅन्सर म्हटलं, मग माफीही मागितली. घरमालकांनी मात्र माफीपर्यंत वाट पाहिली नाही. तेव्हापासून पर्वरी, म्हापसा, कळंगुट पट्ट्यात एजंटांच्या बोलण्यात एक वाक्य कायमचं बसलं: "आफ्रिकन नाही ना?"

मावशीचा फ्लॅट मी तिला न सांगता एकाला दाखवला होता. झांझिबारचा मुलगा, फार्मसी शिकायला आलेला. दारात चपला काढल्या. दिल्लीवाल्यांनी काढल्या नव्हत्या. आत येऊन त्याने ओल्या भिंतीवर बोट टेकवलं, वास घेतला आणि म्हणाला, आमच्याकडेही पावसात असंच होतं. नळ सोडून पाण्याचा जोर बघितला. भाडं विचारलं. मी मावशीचाच आकडा सांगितला. त्याने तो दोनदा विचारून घेतला. मग हसून म्हणाला, मला पहिल्यांदाच कोणी बोर्डावरचा आकडा सांगितला. एजंट त्याला प्रत्येक ठिकाणी वेगळं भाडं सांगत होते. नकारालाही एक दर असतो, हे मला त्या दिवशी कळलं. दहा घरमालक नाही म्हणाले की अकरावा हवं ते मागू शकतो.

मी दोन दिवस मावशीला कसं विचारायचं याचा विचार करत राहिलो. तिसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. त्या मुलाने पलीकडच्याच बिल्डिंगमध्ये घर घेतलं होतं. दीडपट भाडं आणि सहा महिन्यांचं डिपॉझिट, एकरकमी. मावशी बाजूलाच पापड वाळत घालत होती. फोनचा आवाज मोठा असतो माझ्या, तिने सगळं ऐकलं.

"कितलें म्हणटा तो?"

"दीडपट, गे मावशे. पण तो खापरी होता."

तिने पापड तसाच हातात धरला. माझ्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या बिल्डिंगकडे.

"पयलीं सांगपाचें न्हय रे!"